काय मोजायचं, कुणी ठरवायचं?

कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यात टेबलावरच्या स्कोअररपुढे जो लांबट कागद असतो, त्याची शिस्त कडक असते. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. बास्केट झाली की चढत्या गुणसंख्येवर तिरकी रेघ, फ्री थ्रो आत गेला की भरीव ठिपका, शेजारी खेळाडूचा नंबर. बास्केट तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल. प्रत्येक खेळाडूपुढे फाउलचे पाच चौकोन, पाचवा भरला की ती खेळाडू बाहेर. सामना संपला, रेफ्रींची सही झाली, प्रती वाटल्या गेल्या, की आपल्याकडच्या बहुतेक कॉलेज सामन्यांची आकडेवारी तिथंच संपते.

वडोदऱ्याच्या मांजलपूर भागात, तुलसीधाम चार रस्त्याजवळच्या एका सोसायटीतल्या मराठी घरात या कागदावरून वाद आहे. मामा निवृत्त क्रीडाशिक्षक. अजूनही संध्याकाळी एका कॉलेजच्या मुलींच्या संघाला शिकवतात. भाची महाराजा सयाजीराव विद्यापीठात संख्याशास्त्र शिकते. स्वतः गार्ड म्हणून खेळलेली आहे आणि मामांच्या संघाच्या सामन्यांना वही घेऊन बसते. दोघांचंही खेळावर प्रेम आहे, पण एकाच सामन्याकडे ते दोन बाजूंनी बघतात. त्या दोन्ही बाजू त्यांच्याच तोंडून ऐकाव्यात.

मामा : किती रकाने झाले आता तुझ्या वहीत?

भाची : चौदा.

मामा : टेबलावरच्या कागदाला दोन पुरतात. बास्केट कुणी केली आणि फाउल कुणी केला. पुण्य आणि पाप. चित्रगुप्तसुद्धा एवढ्यावर भागवतो.

भाची : मग त्याची अर्धी वही कोरी आहे, मामा. हुकलेला शॉट त्या कागदावर कुठे आहे? अमुक नंबरच्या मुलीनं अठरा पॉइंट केले, एवढं कळतं. बारा शॉट मारून केले की तीस मारून, ते कळत नाही. रिबाउंड नाही, असिस्ट नाही, हातातून घालवलेला चेंडू नाही. उलट न केलेलं पुण्य मात्र पदरात पडतं. गोंधळात एखादीनं आपल्याच बास्केटमध्ये चेंडू घातला, तर ते दोन गुण समोरच्या संघाची जी कॅप्टन कोर्टवर असेल तिच्या नावावर लिहायचे, असा नियम आहे. ती बिचारी दुसऱ्या टोकाला बुटाची नाडी बांधत का असेना!

मामा : ते गुण कुणाच्या तरी नावावर लिहायलाच हवेत. आणि हुकलेले शॉट मला दिसतात की. त्यासाठीच तर उभा असतो मी बाजूला.

भाची : दिसतात, पण आठवतात कोणते? शेवटच्या दोन मिनिटांतले. पहिल्या क्वार्टरमध्ये तिघींनी मिळून चार सोपे ले-अप घालवले, ते तिसऱ्या क्वार्टरपर्यंत तुम्ही विसरलेले असता. शेवटचा शॉट जिच्या हातून हुकला, तिच्यावर सगळं खापर. चार ले-अप म्हणजे आठ गुण, आणि ते काही घड्याळ बघून हरवत नाहीत.

मामा : बरं, आता माझं ऐक. तुमच्या आकड्यांनी खेळाचं काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. आयोवा राज्यात ग्रिनेल नावाचं छोटं कॉलेज आहे. 20 नोव्हेंबर 2012 ला तिथल्या जॅक टेलर नावाच्या मुलानं एका सामन्यात 138 गुण केले. एनबीएमधला विल्ट चेंबरलेनचा विक्रम 100 चा, 1962 चा. कॉलेज बास्केटबॉलमध्ये फर्मन विद्यापीठाच्या फ्रँक सेल्व्हीनं 1954 मध्ये 100 केले होते. या पोरानं दोघांनाही मागं टाकलं. आणि शॉट किती मारले? 108! छत्तीस मिनिटं कोर्टवर होता. म्हणजे दर वीस सेकंदांना एक शॉट. बाकीचे चौघे काय करत होते? चेंडू आणून याच्या हातात द्यायचं. याला सांघिक खेळ म्हणायचं?

भाची : मामा, 108 हा आकडा तुम्हाला कुठून मिळाला?

मामा : बातमीत होता.

भाची : आणि बातमीत आला बॉक्स स्कोअरमधून, म्हणजे तिथल्या सविस्तर नोंदीतून. आपला कागद असता तर 138 दिसले असते आणि 108 दिसलेच नसते. मग तुम्हीच म्हणाला असतात, काय पोरगा आहे! तुमचा राग हा तुमच्या कागदावर नसलेल्या रकान्यातून आलेला आहे.

मामा : हं. बोल पुढे.

भाची : त्या 108 मध्ये 71 शॉट थ्री-पॉइंटर होते. त्यातले 27 आत गेले, म्हणजे शंभरात 38. जवळून मारलेले 37, त्यातले 25 आत, म्हणजे शंभरात 68 च्या आसपास. एकूण 108 पैकी 52. वरवर बघितलं तर निम्म्याहून कमी. पण थ्री-पॉइंटरला एक गुण जास्त मिळतो. म्हणून आत गेलेला प्रत्येक थ्री-पॉइंटर दीड बास्केट धरायचा. तसा हिशेब केला तर त्याचा नेम शंभरात जवळजवळ 61 भरतो. कुठल्याही संघाला चालेल असा नेम आहे तो.

मामा : बघ! म्हणजे तुझं गणित त्याला पास करतं. मग तर आणखी वाईट.

भाची : नेमापुरतं पास करतं. आता समोरचा संघ बघा. फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज. त्यांच्या डेव्हिड लार्सननं त्याच सामन्यात 44 पैकी 34 शॉट घातले, 70 गुण केले. शंभरात 77. टेलरपेक्षा कितीतरी चांगला नेम. तरी त्याचा संघ 179-104 असा हरला. कारण ग्रिनेलच्या डेव्हिड आर्सेनॉ या कोचनं खेळाचा हिशेबच वेगळा मांडला होता. एका सामन्यात 94 शॉट मारायचे, त्यातले 47 थ्री-पॉइंटर. आपल्या हुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश चेंडू परत मिळवायचे. समोरच्याकडून 32 टर्नओव्हर, म्हणजे घालवलेले चेंडू, काढायचे आणि त्याच्यापेक्षा 25 शॉट जास्त मारायचे. त्यासाठी पाचच्या पाच खेळाडू एकदम बदलायचे, कोर्टभर दाबत राहायचं आणि समोरच्यानं झटपट सोपी बास्केट केली तर करू द्यायची, म्हणजे चेंडू लवकर परत मिळतो. लार्सनचे 70 गुण त्या सवलतीतून आलेले आहेत.

मामा : म्हणजे आकडा आधी ठरला आणि खेळ त्याच्या मागून फरफटत गेला. माझं म्हणणं तेच आहे. जे मोजायला लागाल तेच पोरी करायला लागतील. पॉइंट मोजा, सगळ्या शॉट मारतील. असिस्ट मोजा, मोकळी असलेलीसुद्धा पास देत बसेल.

भाची : पण तुम्हीही आकडा ठेवताच की समोर. "त्यांना पन्नासच्या आत रोखा." दर सामन्याआधी हेच.

मामा : त्यात काय चुकलं? डिफेन्सचं तेवढंच तर माप आहे.

भाची : तेच माप फसवं आहे. धरा, एका सामन्यात समोरच्यांना 50 वेळा चेंडूचा ताबा मिळाला आणि त्यांनी 50 गुण केले. दुसऱ्या सामन्यात दोन्ही संघ पळत होते, ताबा 80 वेळा मिळाला आणि गुण झाले 64. तुम्ही दुसऱ्या सामन्यानंतर रागावणार. पण पहिल्यात आपण दर ताब्याला पूर्ण एक गुण दिला, दुसऱ्यात 0.80. डिफेन्स दुसऱ्या दिवशी चांगला होता. पन्नासच्या आत रोखायचं तर आपणच चेंडू घेऊन सावकाश चालत जायचं, की झालं. त्याला डिफेन्स म्हणत नाहीत.

मामा : हे ताबा मोजण्याचं खूळ नवीन दिसतंय.

भाची : तुमच्यापेक्षा जुनं आहे. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे कोच डीन स्मिथ 1950 च्या दशकापासून ताब्यामागे गुण काढत होते. मी तर साधी रेघ मारते. चेंडू एका संघाकडून दुसऱ्याकडे गेला की एक रेघ. रेघा मारायला कुणी नसेल तर सूत्र आहे : मारलेले शॉट, वजा आपण परत मिळवलेले रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रो गुणिले 0.44.

मामा : हे 0.44 कुठून काढलंस? दोन फ्री थ्रो म्हणजे एक ताबा. निम्मं धरायला हवं.

भाची : बरोबर, पण बास्केटही झाली आणि फाउलही मिळाला, तर वरचा एक फ्री थ्रो नवीन ताबा खात नाही. टेक्निकल फाउलचाही खात नाही. म्हणून निम्म्याहून थोडं कमी. हा आकडा अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांवरून आलाय. आपल्या मैदानावर तो तसाच लागू पडेल असं नाही, म्हणून मी रेघांवर जास्त विश्वास ठेवते.

मामा : हे मात्र आवडलं. परक्याचा आकडा तसाच उचलायचा नाही.

भाची : 2004 मध्ये डीन ऑलिव्हरचं पुस्तक आलं, "बास्केटबॉल ऑन पेपर". त्यानं जिंकण्या-हरण्याची चार कारणं धरली आणि त्यांना ढोबळ वजनं दिली. नेम 40 टक्के, टर्नओव्हर 25, रिबाउंड 20, फ्री थ्रो मिळवणं 15.

मामा : नीट मारा, चेंडू घालवू नका, रिबाउंड घ्या, आत घुसून फाउल काढा. पुस्तक न वाचता हेच ओरडतोय मी इतकी वर्षं.

भाची : ओरडता, पण सारख्याच आवाजात ओरडता. कुठल्या गोष्टीसाठी सरावातली किती मिनिटं द्यायची, ते आवाजावरून ठरत नाही. आपल्या मुली चेंडू घालवून हरतात आणि आपण सराव करतो शॉटचा, कारण शॉट हुकलेला सगळ्यांना दिसतो. चुकीचा पास गेला की "चल, डिफेन्स, डिफेन्स" म्हणून आपण पुढं पळतो.

मामा : ठीक आहे, ते मान्य. पण आता मी तुला एक आकडा देतो, आपल्या बडोद्याच्या माणसाचा. तुझ्या चौदा रकान्यांत तो बसवून दाखव. 1943 चा डिसेंबर, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, पंचरंगी क्रिकेट सामन्यांची फायनल. विजय हजारे "रेस्ट" संघाकडून हिंदू संघाविरुद्ध खेळत होते. हिंदूंनी 581 करून डाव सोडला, यांचा पहिला डाव 133. फॉलोऑन. दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावा झाल्या, त्यात हजाऱ्यांच्या एकट्याच्या 309.

भाची : हा तर तुमचाच मुद्दा उलटला. तिथं टेलर झाले हजारे!

मामा : थांब. दुसऱ्या टोकाला त्यांचा भाऊ विवेक होता. दोघांची भागी 300 धावांची. विवेकच्या त्यात किती? 21. आता तू मला सांग, 21 धावांचा खेळाडू चांगला की वाईट? आपल्या गावात 1947 च्या रणजी फायनलला गुल महंमद 319 आणि हजारे 288, भागी 577, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या भागीत दोघेही मोठे. मला मात्र त्या 21 जास्त मोठ्या वाटतात. तो माणूस टिकला नसता तर 309 झाले नसते. आपल्या संघातही अशी एक मुलगी आहे. शॉट मारत नाही, पळून पळून स्क्रीन लावते. तिच्या अंगावर धडकून डिफेंडर थांबते आणि आपली शूटर मोकळी होते. कागदावर तिचं नावसुद्धा वर येत नाही.

भाची : मामा, तुम्हाला ते 21 कसे कळले?

मामा : पुन्हा तेच?

भाची : पुन्हा तेच. क्रिकेटच्या स्कोअरबुकात प्रत्येक विकेटला धावसंख्या लिहायची पद्धत आहे. त्यातून भागी निघते. कुणीतरी कधीतरी ठरवलं की एकट्याच्या धावांबरोबर दोघांच्या मिळून झालेल्या धावाही कळायला हव्यात, म्हणून विवेक हजारे आज तुमच्या तोंडी आहेत. तो रकाना नसता तर 387 च्या डावात 21 करणारा कुणीतरी, एवढंच उरलं असतं. आपल्या स्क्रीन लावणाऱ्या मुलीला भागीचा रकाना नाही, हे तिचं दुखणं आहे.

मामा : मग आणायचा कुठून तो?

भाची : एक आहे. प्लस-मायनस. ती कोर्टवर असताना आपण किती गुण केले आणि किती दिले, यांतला फरक. शेन बॅटिए नावाचा खेळाडू होता. ड्यूक विद्यापीठाकडून 2001 ची कॉलेज स्पर्धा जिंकलेला, पुढं ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला. त्याच्या नावावर गुण थोडे, रिबाउंड थोडे. पण तो कोर्टवर असला की त्याचा संघ सुधारायचा आणि समोरचा मोठा शूटर बिघडायचा. 2009 मध्ये मायकल लुइस यांनी त्याच्यावर मोठा लेख लिहिला. नेहमीच्या रकान्यांत न सापडणारा खेळाडू, हाच त्याचा विषय होता. आणि त्याला हेरलं कुणी? आकडे बघणाऱ्यांनी.

मामा : एनबीएत वर्षाला 82 सामने असतात. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हरलं की घरी. तीन सामन्यांच्या प्लस-मायनसवर मी कुणाची लायकी ठरवू? चौथ्या क्वार्टरमध्ये समोरच्यांनी राखीव खेळाडू उतरवले तेव्हा जी कोर्टवर होती, तिचं प्लस वाढलं. त्यात तिचं कर्तृत्व काय?

भाची : काही नाही. इथं तुम्ही बरोबर आहात. तीन सामन्यांचं प्लस-मायनस मी स्वतः कुणाला दाखवणार नाही.

मामा : चला, एक विकेट पडली.

भाची : पण "सामने थोडे आहेत" ही तक्रार डोळ्यालाही लागू होते. शंभरात चाळीस शॉट घालणारी मुलगी धरा, म्हणजे चांगलीच शूटर. एका सामन्यात दहा शॉट मारले आणि दोनच गेले किंवा त्याहून कमी. असं निव्वळ नशिबानं किती वेळा होईल? सहांतून एकदा. म्हणजे अर्धा डझन सामन्यांत एकदा ती वाईट दिसणारच, तिचं काहीही बिघडलेलं नसताना. त्या दिवशी तुम्ही तिला बाकावर बसवता आणि म्हणता, हिचा आत्मविश्वास गेलाय. मग खरोखरच जातो.

मामा : बसवतो, कारण हात थंड पडलेला दिसतो. जसा तापलेलाही दिसतो. लागोपाठ तीन घातले की चौथा तिलाच द्यायचा, हे जगातला प्रत्येक कोच जाणतो.

भाची : आणि जगातला प्रत्येक संख्याशास्त्रज्ञ तीस वर्षं म्हणत होता की हा भ्रम आहे. 1985 मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्व्हर्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या व्यावसायिक संघाचे आकडे तपासले, कॉर्नेल विद्यापीठाच्या मुला-मुलींकडून शॉट मारवून घेतले आणि निष्कर्ष काढला की आधीचे शॉट आत गेले म्हणून पुढचा जाण्याची शक्यता वाढत नाही. तापलेला हात वगैरे काही नसतं.

मामा : मूर्ख होते.

भाची : मूर्ख नव्हते, पण चुकले. ते 2018 मध्ये मिलर आणि सानहुर्हो यांनी छापून दाखवलं. हे नाणं घ्या, गंमत बघा. तीन वेळा उडवायचं. छाप्यानंतर पुन्हा छापा किती वेळा पडतो ते प्रत्येक खेपेला लिहायचं. निम्म्या वेळा, असंच वाटतं ना?

मामा : निम्म्या वेळाच असणार.

भाची : आठ प्रकार होतात. छापा-छापा-छापा : छाप्यानंतर दोनदा टाकलं, दोन्ही छापे, 100 टक्के. छापा-छापा-काटा : 50. छापा-काटा-छापा : शून्य. छापा-काटा-काटा : शून्य. काटा-छापा-छापा : 100. काटा-छापा-काटा : शून्य. उरलेल्या दोन प्रकारांत छाप्यानंतर टाकणंच होत नाही, ते सोडा. सहा खेपांची बेरीज 250, सरासरी सुमारे 42.

मामा : पुन्हा कर बेरीज.

भाची : तुम्हीच करा… झाली? नाणं अगदी सरळ आहे, तरी छोट्या छोट्या खेपांची सरासरी पन्नासच्या खाली येते. म्हणजे ज्या खेळाडूचा नेम लागोपाठच्या बास्केटनंतर आधीइतकाच दिसत होता, त्याचा हात खरं तर तापलेला होता. 1985 च्या मंडळींनी ही घसरण धरली नव्हती. नव्यानं हिशेब केला तेव्हा तापलेला हात पुन्हा दिसायला लागला.

मामा : म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच खरं. तीस वर्षं आम्हाला वेड्यात काढलंत!

भाची : हो. पण ती चूक शोधली कुणी? कुठल्या कोचनं नाही. नाणं घेऊन बसणाऱ्यांनीच शोधली. आकड्याची चूक सापडते, कारण तो लिहून ठेवलेला असतो. तुमच्या डोळ्याची चूक कुणी शोधायची? तो काल काय म्हणाला होता, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

मामा : तुझं लिहिलेलं तरी सगळं निखळ आहे का? असिस्ट कुणी ठरवला? तू. पास मिळाल्यावर एक ड्रिबल मारून घातला तर असिस्ट, दोन मारले तर? एकीला वळसा घालून घातला तर? बास्केट हे सत्य आहे, असिस्ट हे तुझं मत आहे. आणि तुझ्या मैत्रिणीनं पास दिला असेल तर तुझं मत जरा उदार होतं, हे मी बघितलंय.

भाची : बघितलं असेल. म्हणूनच एकट्यानं मोजायचं नाही. दोघींनी वेगवेगळ्या जागी बसून मोजायचं आणि नंतर वह्या जुळवायच्या.

मामा : न जुळल्या तर?

भाची : तो प्रसंग आधी ठरवलेल्या व्याख्येला लावायचा. दर सामन्यात त्याच रकान्यावर भांडण होत असेल, तर तो रकाना रद्द.

मामा : स्क्रीनचा रकाना कसा करशील? नुसती उभी राहिली म्हणजे स्क्रीन होत नाही.

भाची : तेच तुम्ही सांगायचंय. एनबीएनं 2016 पासून असले आकडे जाहीर करायला सुरुवात केली. स्क्रीनमुळे झालेल्या बास्केट, हात लागून विचलित झालेले पास, अंगावर घेतलेली धडक. पण त्यांच्याकडे कॅमेरे आहेत. आपल्याकडे पेन्सिल आहे, म्हणून व्याख्या सोपी हवी.

मामा : डिफेंडरला वाट बदलावी लागली, तर स्क्रीन. मग शॉट आत जावो न जावो.

भाची : शॉट आत जावो न जावो. हे छान आहे. म्हणजे शूटर चुकली म्हणून स्क्रीन लावणारीचं काम वाया गेलेलं दिसणार नाही.

मामा : बॉक्स-आउटही घे. हुतूतूतसुद्धा तेच आहे बघ. पकड चौघं मिळून करतात आणि नाव एकाचं होतं. रिबाउंडचंही तसंच. एकजण समोरच्या उंच मुलीला पाठीनं अडवून धरते आणि चेंडू मागच्या मागे दुसरीच्या हातात पडतो. रिबाउंड दुसरीच्या नावावर.

भाची : घेतला. तिसरा?

मामा : आपला शॉट हुकल्यावर परत धावणं. चेंडू अर्ध्या रेषेपलीकडे यायच्या आत आपल्या बाजूला कोण पोचली. याला उंची लागत नाही, नेम लागत नाही, नशीबही लागत नाही.

भाची : बघा, तुमच्या या तीन रकान्यांत एकही गुण नाही. हे मला सुचलं नसतं, मी तर सगळं चेंडूच्या मागं धावत मोजते.

मामा : पण एक अट. हे आकडे नोटीस बोर्डावर लागणार नाहीत. शॉटची टक्केवारी तर अजिबातच नाही. घरी गेल्यावर आईवडील एकच विचारतात, "किती पॉइंट केलेस?" त्या प्रश्नानं आधीच पोरी वाकलेल्या आहेत. त्यात शंभरात तीस म्हणून बोर्डावर नाव लागलं, तर ती मुलगी पुढच्या सामन्यात मोकळी असून शॉट मारणार नाही. न मारलेला शॉट तुझ्या टक्केवारीत हुकलेला धरला जातो का?

भाची : नाही धरला जात.

मामा : मग? भित्र्या खेळाडूची टक्केवारी सगळ्यांत सुंदर.

भाची : हे खरं आहे. पण झाकून ठेवण्यालाही किंमत मोजावी लागते. विद्यापीठाच्या संघाची निवड होते तेव्हा निवड करणाऱ्यांनी आपली मुलगी किती मिनिटं पाहिलेली असते? एखादा सामना. त्यांच्या हातात तोच कागद, तेच पॉइंट. स्क्रीन लावणारी तिथं उभीच राहत नाही. 2017 मध्ये बंगळूरला भारताच्या मुली आशिया चषकाच्या ब गटाच्या फायनलमध्ये कझाकस्तानला 75-73 असं हरवून वरच्या गटात गेल्या. त्या संघात आपली पुण्याची शिरीन लिमये होती, पुढं ती देशाची कॅप्टन झाली. दोन गुणांचा फरक. असा सामना एका बास्केटवर फिरतो, तसाच एका स्क्रीनवर, एका बॉक्स-आउटवरही फिरतो. उद्या आपल्या मुलीसाठी तुम्ही शब्द टाकाल, तेव्हा तुमच्या हातात काय असेल?

मामा : माझा शब्द.

भाची : तुम्हाला ओळखणाऱ्यांपुरता तो चालेल. अनोळखी माणसापुढे तिच्या बाजूनं कागदच बोलेल.

मामा : मग कागद तिच्याकडे राहू दे. प्रत्येकीला तिचा तिचा. दुसरीचा दिसायचा नाही. निवडीच्या वेळी तिला हवं तर तिनं दाखवावा.

भाची : आणि बोर्डावर?

मामा : बोर्डावर संघाचे आकडे. एकूण टर्नओव्हर, दर ताब्याला दिलेले गुण, परत धावलेल्यांची बेरीज. नाव कुणाचंच नाही.

भाची : मला पूर्ण पटलेलं नाही. नाव नसलं की जबाबदारीही कुणाची नसते. दहाजणींनी मिळून वीस चेंडू घालवले म्हटलं, की प्रत्येकीला वाटतं माझे दोनच असतील.

मामा : न पटू दे. संघ माझा आहे. वही तुझी आहे, त्यात काय वाट्टेल ते लिही.

भाची : मग माझीही एक अट. पुढच्या सामन्यानंतर माझी वही बघायच्या आधी तुम्ही एका चिठ्ठीवर लिहायचं : आज सगळ्यांत चांगली कोण खेळली, सगळ्यांत जास्त चेंडू कुणी घालवले आणि परत धावण्यात कोण कमी पडली. तारीख टाकून सही करायची. मग वही उघडायची. सगळे सामने असंच.

मामा : म्हणजे आता मला मोजणार तू!

भाची : तुमच्या डोळ्याला. तो किती वेळा बरोबर असतो, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. माझा अंदाज आहे, चांगलं खेळणारी तुम्ही बरोबर ओळखाल. चेंडू घालवणारी मात्र चुकाल, कारण शेवटी घालवलेलाच तुम्हाला आठवेल.

मामा : आणि चुकलो तर? रकाना न जुळला की तू रद्द करतेस. मलाही रद्द करशील?

भाची : तुम्हाला कशी करणार? हे तीन रकाने सांगितले कुणी? पण चिठ्ठीवरची सही आधी. नंतर "मी तेच म्हणत होतो" चालणार नाही.

मामा : आण कागद. दोन प्रती कर, एक माझ्याकडे राहील. तुझ्या वहीतल्या असिस्टवर माझा अजून विश्वास नाही.